इंदुरात फेब्रुवारीतलं ३०० माणसांचं लग्न: कचरा कमी, विधी अर्थाचे, कसं जमवायचं?

सुखलियाकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न फेब्रुवारीत इंदुरात आहे. सकाळचा मुहूर्त, दुपारचं जेवण, ३०० माणसं, मॅरेज गार्डन ठरलंय. मुलाकडचे माळव्यातले हिंदीभाषक, त्यामुळे आपल्या पंगतीच्या पदार्थांबरोबर दाल-बाफलेही (डाळीबरोबर खायचे तुपातले कणकेचे गोळे) हवेत. प्लास्टिक, थर्माकोल, फटाके आणि डीजे नको, यावर बहीण आणि होणारा नवरा दोघंही ठाम आहेत. अक्षतांचे तांदूळ पायदळी जायला नकोत. बहिणीला ‘कन्यादान’ नको, आजीला होम आणि सप्तपदी हवीच. हलवाई म्हणतो, "डिस्पोजल लावू, आता सगळं कागदाचंच येतं." टेंटवाला म्हणतो, "इको-फ्रेंडली करून देतो." या दोघांना नेमकं काय विचारायचं? कशाला किती लागतं आणि काम कुठे अडतं? कोर्टात नोंदणी करून घरी फक्त छोटा समारंभ केला तर चालेल का, तेही सांगा.

---

पंगतवाढपी

हलवायाला पहिला प्रश्न हा विचारा: "ताटं कोण घासणार?" स्टीलची ताटं कुठल्याही टेंट हाउसमधून मिळतात. इंदुरात भांडी बँकाही (कार्याला भांडी वापरायला देणाऱ्या) आहेत, तिथे आधी चौकशी करा. पण घासायला माणसं सांगितलेली नसली की ऐन वेळी गाडीतून डिस्पोजलचे गठ्ठे उतरतात. तेव्हा करारात स्वतंत्र ओळ हवी: चार माणसं फक्त भांडी घासायला, सकाळी १० ते संध्याकाळी ५.

दुसरी गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. हलवायाचा हिशोब ‘पर प्लेट’ असतो आणि डिस्पोजलची किती ताटं उचलली गेली त्यावरून तो बिल करतो. स्टीलची ताटं धुऊन फिरत राहिली की त्याची मोजणी बिघडते, म्हणून तो कुरकुरतो. यावर पंगतच बरी. एका ओळीत किती पाट हे दोघांनाही दिसतं, वाद उरत नाही. बुफेच हवा असेल तर माणशी एक कागदी कूपन ठेवा आणि बिल कूपनांवर होईल असं आधीच लिहून घ्या.

१०० च्या तीन पंगती धरा. एक पंगत ४० ते ४५ मिनिटं, म्हणजे सगळं मिळून अडीच तास. १२-१५ पानांमागे एक वाढपी, म्हणजे आठ जण. मधे धुणं चालू असेल तर २०० संच पुरतात: ताट, दोन वाट्या, चमचा. पेले मात्र ४०० घ्या, आल्या-आल्या सरबताला आणि मठ्ठ्याला वेगळे लागतात. बुफेत लोक दुसऱ्यांदा घेताना नवं ताट उचलतात, तिथे ३६० ताटं हवीत.

धुण्याला तीन टब, प्रत्येकी ६०-७० लिटरचे. आधी उष्टं एका बादलीत खरवडून काढायचं. पहिल्या टबात गरम पाणी आणि रिठ्याचं पाणी किंवा भांड्यांची पावडर, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात साधं पाणी. दर ५०-६० ताटांनी मागचे दोन टब बदलायचे. सगळं मिळून ८०० ते ९०० लिटर पाणी जातं, नळाखाली धुतलं तर याच्या दुपटीहून जास्त. आपल्याकडचं नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर उपसून येतं, ते नळाखाली सोडून देणं बरं नाही.

इथे बाफल्यांमुळे एक अडचण येते. फेब्रुवारीत पाणी गार असतं, बाफल्याचं तूप ताटाला लगेच थिजतं आणि गार पाण्यात घासलं की नुसतं पसरतं. मग घासणारे कंटाळतात, ताटं चिकट राहतात आणि तिसऱ्या पंगतीला लोक नाकं मुरडतात. म्हणून एक भट्टी केवळ पाणी तापवायला राखून ठेवा आणि ५० लिटरचं पातेलं सतत चढतं असू द्या. हलवाई ही भट्टी आपणहून देत नाही, मागून घ्यावी लागते.

आता जिन्नस. दोन घरांची दोन जेवणं असली की हलवाई दोन्हींचं पुरं माप धरतो आणि अन्न तिथेच वाया जातं. बाफला खाणारा पुऱ्या कमी खातो, भात तर अगदीच कमी. ३०० पानांना बाफल्यांचं पीठ २७ किलो (माणशी दीड बाफला), पुऱ्यांचं ९ किलो (माणशी दोन), तांदूळ १५ किलो, त्यातले १० मसालेभाताला, तूरडाळ १३-१४ किलो, बटाटे २५ किलो, मठ्ठा ६० लिटर. गोड एकच ठेवा. श्रीखंड ठरलं तर माणशी ८० ग्रॅमनं २४ किलो. बाफल्याबरोबर चुरम्याचे लाडूही पाहिजेत म्हटलं की दोन्ही अर्धं-अर्धं उरतं.

बाफले एकदम तुपात बुडवून ठेवू नका. भाजून, फडक्यात झाकून ठेवायचे आणि प्रत्येक पंगतीपुरते तुपात सोडायचे. उरलेले कोरे बाफले दुसऱ्या दिवशीही चालतात, तुपात भिजलेले कोणाला देताही येत नाहीत.

प्यायला माणशी एक लिटर, म्हणजे २० लिटरचे १५ कॅन, वर तीन जादा. छोट्या बाटल्या माणशी दोन धरल्या तरी ६०० होतात आणि निम्म्या अर्धवट पिऊन टाकलेल्या सापडतात. माठ, लांब दांड्याचं ओगराळं आणि पेले. माठाजवळ एक माणूस उभा ठेवा, तो नसेल तर लोक पेला माठात बुडवतात आणि मग बाटल्यांची मागणी सुरू होते.

"सगळं कागदाचंच" याबद्दलही सांगतो. कागदी कप-वाट्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर त्यात चहा टिकतो. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या डब्यांवरचं आणि निमंत्रणपत्रिकांवरचं प्लास्टिकचं वेष्टण बंद आहे. अस्तर असलेला कागद त्या यादीत दिसत नाही एवढंच, म्हणून तो कुजेल असं नाही.

---

खाखऱ्याचं पान

वरच्या उत्तरात पत्रावळी राहिल्या. स्टील जमतच नसेल तर खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, काडीनं टाचलेल्या पत्रावळी घ्या. विकत घेताना एक फाडून बघा. हल्ली दोन पानांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा घालून साच्यात दाबलेल्या मिळतात, त्या हिरव्या दिसतात तरी कुजत नाहीत. चंदेरी द्रोण तर नकोतच. कोरड्या पत्रावळी कडांना तडकतात, म्हणून वाढण्याआधी दहा मिनिटं पाणी शिंपडून ओल्या फडक्याखाली ठेवायच्या. आदल्या रात्री भिजवल्या तर बुरशी येते. दाल-बाफले असतील तर डाळीला स्टीलची वाटी द्याच, द्रोणातून पातळ डाळ झिरपते.

कुल्हडांचा मोह टाळा. भट्टीत भाजलेली माती परत माती होत नाही, खतात वर्षभर तशीच राहते. ३०० माणसांचे ३०० कुल्हड फुटून पडतात तेव्हा ते उचलणंही जिकिरीचं होतं.

---

अंतरपाट

आधी कायद्याचं, कारण इथे चूक झाली तर पुढे फार मनस्ताप होतो.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे लग्न दोघांपैकी एकाच्या रूढीनुसार विधी करून लागावं लागतं. त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा आहे, नोंदणीनं लग्न लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलंय. म्हणजे विधी न करता या कायद्याखाली नुसतं प्रमाणपत्र काढलं तर ते टिकत नाही.

दुसरा मार्ग विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं म्हणायचं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. फेब्रुवारीच्या लग्नाला डिसेंबरच्या मध्यापर्यंत अर्ज गेला पाहिजे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिला तर लग्नाआधीच तीन महिन्यांची मुदत संपू शकते. या वाटेनं गेलात तर घरचा समारंभ हवा तसा करायला मोकळे. आजीला होम आणि सप्तपदी हवीच आहे, तर तुम्हाला पहिला मार्ग सोपा: सप्तपदी नीट करा, फोटो आणि साक्षीदार ठेवा, मग नगर निगमात (महापालिकेत) नोंदणी करा.

सत्यशोधक पद्धतही अनेकांना भावते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी भटजीविना पहिलं लग्न लागलं. त्यात होम नसतो, मंगलाष्टकांत वधूवरांचे एकमेकांना दिलेले शब्द असतात. ज्यांच्या घरात ती रूढी नाही त्यांनी सोबत विशेष विवाह कायद्याखाली लग्न लावून घ्यावं म्हणजे शंका राहत नाही.

कन्यादानाबद्दल. नुसता विधी गाळला तर आजीला तिथे रिकामं वाटेल, म्हणून त्या जागी काहीतरी ठेवा. दोन्हीकडचे आईवडील एकत्र उभे राहतात, एकाच तांब्यातलं पाणी वधूवरांच्या जोडलेल्या ओंजळीवर सोडतात आणि "हा संसार तुम्हा दोघांच्या हाती देत आहोत" एवढंच म्हणतात. पाणी खाली ठेवलेल्या घंगाळात पडू द्या आणि नंतर तुळशीला घाला. मुलाची आईही त्यात असते, हे दोन्ही घरांच्या मनात राहतं. लाजाहोमात लाह्या देणारा भाऊच हवा असा हट्ट नको, तुम्ही बहीण असाल तरी देऊ शकता.

सप्तपदी घाईत उरकू नका. इष, ऊर्ज, रायस्पोष, मायोभव्य, प्रजा, ऋतू, सखा अशी ती सात पावलं आहेत: अन्नासाठी, बळासाठी, समृद्धीसाठी, सुखासाठी, संततीसाठी, ऋतूंसाठी आणि सातवं सख्यासाठी. गुरुजींनी मंत्र म्हटला की घरातल्या एकानं त्याचा अर्थ एका वाक्यात मराठीत आणि हिंदीत सांगायचा, मुलाकडच्यांनाही कळतो. सहावं पाऊल तर ऋतूंचंच आहे. ऋतुमान सांभाळून राहण्याचा शब्द द्यायचा असेल तर त्याची जागा तिथेच तयार आहे, त्यासाठी नवा विधी शोधावा लागत नाही. सात पावलांना एकूण १२-१५ मिनिटं धरा आणि गुरुजींना हे महिनाभर आधी सांगा. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीच्या संत्रिका विभागानं अर्थासह संस्कारांची पद्धत रुजवली आहे आणि स्त्री पुरोहितही तयार केल्या आहेत, त्या धर्तीवर काम करणारे कोणी मिळाले तर फारच छान.

तांदळाच्या सात राशी प्रत्येकी १०० ग्रॅमच्या, केळीच्या पानावर, पावलाच्या शेजारी ठेवा, पावलाखाली नकोत. कुंकू लावू नका. ते ७०० ग्रॅम तांदूळ गृहप्रवेशानंतरचा पहिला भात म्हणून शिजवता येतात. अंतरपाटाला नवं सॅटिनचं कापड घेऊ नका, आजीची एखादी जुनी माहेश्वरी साडी असेल तर तिच्याइतकं देखणं काही नाही.

होमाला तांब्याचं फूटभराचं कुंड, समिधा दीड-दोन किलो, गोवऱ्या चार-पाच, तूप पाव किलो, लाह्या १०० ग्रॅम. समिधा आणि लाकूड घरून न्या. मंडपवाल्यानं दिलेल्या ‘लाकडात’ प्लायवूडचे आणि रंग दिलेल्या पट्ट्यांचे तुकडे येतात, त्यांचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि विषारी असतो. तेवढ्यानं होमालाच नावं ठेवली जातात.

---

सुखलियाकर

फार उपयोगी, मनापासून आभार. तीन पंगतींना हलवाई तयार झाला. अक्षतांवर मात्र आजी अडलीय. तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या उधळू म्हटलं, तर तिचं म्हणणं, अक्षता म्हणजे न मोडलेलं धान्य, पाकळी तर खुडलेलीच असते, मग ती अक्षता कशी? आणि टेंटवाल्याला फुलांबद्दल काय सांगू?

---

अंतरपाट

आजींचं बरोबर आहे, आणि त्यांचं राखूनही जमतं. नुसत्या हळदीच्या, अर्धा किलो अखंड तांदळाच्या अक्षता करा. त्या फक्त गुरुजी, आजी आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या हाती. वधूवरांच्या पायाखाली धुतलेली पांढरी चादर अंथरा, तांदूळ तिच्यावर पडतील, नंतर गोळा करून पाखरांना घाला. कुंकवाचा रंग लावलेल्या अक्षता पाखरांनाही घालू नयेत. बाकीच्या पाहुण्यांना पाकळ्या.

---

झेंडूची माळ

पाकळ्यांचं माप: माणशी सहा ग्रॅम, २५० माणसांना दीड किलो. त्यासाठी गुलाब तीन किलो घ्या, देठ आणि हिरवी निदलं काढली की निम्मा भाग उरतो. झेंडू घेतलात तर पाकळ्या उपटूनच द्या, अख्खं फूल डोळ्यावर बसलं तर लागतं. प्लास्टिकच्या पिशवीत तासाभरात वाफ धरून काळ्या पडतात, म्हणून बांबूच्या टोपलीत ओल्या सुती फडक्याखाली ठेवा. सगळी मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाला की एकदाच उधळायच्या, हे गुरुजींना आधी जाहीर करायला सांगा. प्रत्येक ‘सावधान’ला उधळल्या तर सहापट लागतात. गुळगुळीत फरशीवर पाकळ्यांवरून माणूस घसरतो, तिथे सतरंजी हवीच.

टेंटवाल्याला तीन गोष्टी लेखी द्या.

फुलांखाली हिरवा स्पंज नको. बहुतेक फुलवाले तोच वापरतात. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, चुरा होऊन मातीत मिसळतो पण कुजत नाही. त्याऐवजी पितळी घंगाळात पाणी, किंवा केळीच्या खुंटाचे वीतभर तुकडे. खुंट आतून ओला असतो, त्यात देठ खोचले की दिवसभर टवटवीत राहतात. घड उतरवलेले खुंट निमाडातल्या केळीच्या शेतकऱ्यांकडे असतातच, मुद्दाम झाड तोडायला लावू नका.

माळा सुती दोऱ्यात ओवलेल्या. नायलॉनचा दोरा असला तर खत करणाऱ्या यंत्राच्या पात्यांना गुंडाळतो आणि सगळी फुलं सुक्या कचऱ्यात जातात. दोरा जाळून बघा: सुती दोऱ्याची राख होते, नायलॉनचा गोळा होतो. एक किलो झेंडूत मध्यम आकाराची १०० फुलं आणि साधारण ७-८ फूट दाट माळ होते. दारं, मंडपाचे चार खांब आणि तोरणं मिळून २०० फूट लागली तर २८ किलो. यापेक्षा जास्त सांगितलं तर कुठे लावणार ते दाखवायला सांगा.

तिसरं म्हणजे ‘इको-फ्रेंडली’च्या नावाखाली नवी खरेदी नको. बियांच्या कागदाच्या पत्रिका बहुतेक घरांत कपाटातच राहतात. खजराण्याच्या गणपतीला एक, आणि घरातल्या ज्येष्ठांना ३०-४० साध्या पत्रिका, चमकी आणि लॅमिनेशनशिवाय. बाकी निमंत्रण फोनवर. त्यात ‘सहकुटुंब सहपरिवार’ न लिहिता नावं लिहिली तर वर पंगतवाढपींनी दिलेलं माप खरं ठरतं.

पाहुण्यांना रोपं वाटण्याचा बेत असेल तर सोडा. रोपं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत येतात, बाहेरगावचा पाहुणा ती गार्डनच्या भिंतीपाशी ठेवून जातो आणि फेब्रुवारीनंतर लगेच माळव्याचा उन्हाळा लागतो. त्यापेक्षा सात पावलांची सात झाडं आषाढात दोघांनी मिळून लावावीत: कडुनिंब, जांभूळ, आवळा, कवठ, करंज, अर्जुन, पळस. खड्डे दोन फूट लांब-रुंद-खोल, मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. आपली काळी माती पावसात पाणी धरते आणि उन्हात भेगाळते, दोन्हीत मूळ मरतं. म्हणून तळाशी चार इंच मुरूम, वर माती आणि दहा किलो कुजलेलं शेणखत, रोप जमिनीपेक्षा बोटभर उंच, भोवती पालापाचोळ्याचं आच्छादन. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला १०-१५ लिटर पाणी. पाणी घालणारा माणूस ठरला नसेल तर सातऐवजी दोनच लावा.

---

देवगुराडिया रोड

शेवटी कचऱ्याचं. निगम घरोघरी सहा प्रकारांत कचरा घेतं, लग्नाला तुम्हाला चार पिंपं पुरतील: उष्टं, पत्रावळी आणि फुलं, कोरडा कागद-पुठ्ठा, आणि ‘बाकी’. शहरातला ओला कचरा देवगुराडियाला जातो, तिथे २०२२ मध्ये रोज ५५० टन क्षमतेनं सुरू झालेला बायो-सीएनजी (कचऱ्यापासून गॅस करणारा) प्रकल्प आहे. गॅस उष्ट्यापासून आणि भाजीच्या देठांपासून चांगला होतो, पण त्यात चमचे, फॉइल आणि दोरे आले तर अडतं. पानं-फुलं तंतुमय असतात, त्यांचं खत बरं, म्हणून ती वेगळ्या पोत्यात. तुपानं माखलेले टिश्यू ‘बाकी’त टाका, रद्दीत घातले तर सगळी रद्दी जाते. टिश्यूच नको असतील तर हात धुवायच्या जागी दोन-तीन डझन सुती पंचे टांगा.

नुसती पिंपं ठेवून भागत नाही. ताट ठेवण्याच्या जागी दोन माणसं उभी पाहिजेत आणि पाहुण्यांकडून ताट हातात घेऊन त्यांनीच खरवडलं पाहिजे. पाहुण्यांवर सोपवलं की दहा मिनिटांत सगळं एकाच पिंपात दिसतं. निगमाच्या झोन कार्यालयात तीन-चार दिवस आधी सांगून गाडीची वेळ ठरवा, दुपारी ४ ची मागा. रात्री उशिराची मिळाली तर गार्डनचे कामगार पोती एकत्र करून टाकतात.

उरलेलं अन्न द्यायचं असेल तर जिथे द्यायचं त्यांच्याशी आधी बोलून ठेवा आणि तिसरी पंगत बसतानाच भांडी भरा. भात, डाळ गरम असतानाच झाकून निघाले पाहिजेत, शिजून दोन तास मंडपात उघडं पडलेलं अन्न कोणालाही देऊ नये. मठ्ठा आणि श्रीखंड वेगळे, बर्फाच्या घमेल्यात.

---

पंगतवाढपी

देवगुराडियावाल्यांच्या पंच्यांच्या सूचनेला जोडून: पंच्यांच्या शेजारी बेसनाची एक परात ठेवा. तुपाचे हात आधी चिमूटभर बेसनानं चोळले की साबण निम्मा लागतो आणि पंचे तिसऱ्या पंगतीपर्यंत कोरडे राहतात. ३०० माणसांना दोन किलो बेसन पुरे.